एकाच 'चेंज'ला जर्मनमध्ये नेमके किती शब्द? ॲपच्या भाषांतरात अडलोय

तिकीटखिडकी

नमस्कार मंडळी. आमचं एक छोटं ॲप आहे, रेल्वेप्रवासाचं, गाडी शोधा, तिकीट काढा, एवढंच काम. आता ते जर्मनीतल्या प्रवाशांसाठी जर्मनमध्ये आणायचंय म्हणून सगळा इंग्रजी मजकूर एका फाइलमध्ये काढून भाषांतर करणाऱ्या बाईंकडे पाठवला. बाकीचं बहुतेक पटापट झालं पण 'चेंज' या एका शब्दावर सगळं थांबलंय. फाइलमध्ये तो एकदाच लिहिलेला आहे आणि ॲपमध्ये आठ-दहा ठिकाणी तोच ओढून वापरलाय, बाईंनी विचारलं की यातला कुठला चेंज, मी म्हटलं सगळेच, तर त्या म्हणाल्या मग मी एक शब्द देऊच शकत नाही.

आता ठिकाणं सांगतो. तिकिटावरची तारीख बदलायचं बटण आहे. पासवर्ड बदलायचं आहे. एका अकाउंटमधून दुसऱ्यात जायचं आहे. मग प्रवासाच्या माहितीत 'वन चेंज' असं येतं, म्हणजे वाटेत एकदा गाडी बदलावी लागेल. तिकीट मशिनच्या स्क्रीनवर पैसे परत मिळतात तिथे 'चेंज' आणि पुढे रक्कम. स्टेशनवरच्या सोयींच्या यादीत 'बेबी चेंज' आहे. तळाशी बारीक अक्षरात 'सब्जेक्ट टू चेंज'. आणि सगळ्यात डोकं खाणारं म्हणजे 'चेंज टाइम', हे दोन स्क्रीनवर आहे, एकीकडे निघायची वेळ बदलायचं बटण म्हणून आणि दुसरीकडे गाडी बदलायला किती मिनिटं मिळतील ते दाखवायला. इंग्रजीत दोन्ही अक्षरशः सारखं दिसतं.

माझं जर्मन बी-वनपर्यंतचं, म्हणजे मधल्या पातळीचं आहे, वाचता येतं, पण इथे कुठला शब्द कुठे ते ठामपणे ठरवता येत नाहीये. बहुतेक ठिकाणी चालेल असा एखादा शब्द आहे का? नसेल तर ठरवायचं कसं, काही युक्ती असेल तर सांगा, कारण पुढे असे आणखी शब्द येणारच.

डेटा_दादा

'एंडर्न' टाका सगळीकडे. बटणांवर तोच असतो, लोक संदर्भाने समजून घेतात. पहिली आवृत्ती तरी बाहेर पडेल, नंतर सुधारा.

उमलाउट

दादा, बटणांपुरतं ठीक आहे पण सगळीकडे नाही हो चालणार. मशिनमध्ये पैसे टाकले, तिकीट आलं, आणि स्क्रीनवर 'एंडर्न: २ युरो ४० सेंट' असं दिसलं तर माणूस समजेल की रक्कम बदलायची सोय आहे आणि तिथे बोट लावत बसेल. 'वन चेंज'च्या जागी एंडर्न आलं तर वाक्यच होत नाही, ते क्रियापद आहे. आणि बाळाला घेऊन आलेली बाई स्टेशनच्या यादीत 'बाळ एंडर्न' वाचून काय समजेल? संदर्भाने समजून घ्यायलाही शब्द निदान जवळपासचा लागतो.

मी इंग्रजी-जर्मन भाषांतराचं काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, वेळ असेल तेव्हा वाचा.

सगळ्यात आधी सोपी ठिकाणं बाजूला काढा, म्हणजे जिथे जर्मनमध्ये ठरलेला एकच शब्द आहे आणि चर्चेला जागाच नाही. गाडी बदलणं म्हणजे 'उमश्टायगन', त्याचं नाम 'उमश्टीग', एकापेक्षा जास्त असतील तर 'उमश्टीगे'. गाडी बदलायला मिळणारा वेळ म्हणजे 'उमश्टायगेत्साइट', तुमचा एक 'चेंज टाइम' इथे सुटला, दुसरा सरळ 'उअरत्साइट एंडर्न', म्हणजे घड्याळातली वेळ बदला. परत मिळणारे पैसे म्हणजे 'र्‍युकगेल्ट'. 'वेक्सेलगेल्ट' असाही शब्द आहे आणि तोही बरोबर आहे, पण दुकानदार सुटे देता यावेत म्हणून गल्ल्यात जे पैसे ठेवतो त्यालाही वेक्सेलगेल्टच म्हणतात, त्यामुळे मशिनवर र्‍युकगेल्ट जास्त स्वच्छ. खिशातली चिल्लर हवी असेल तर ती 'क्लाइनगेल्ट', तो तिसराच शब्द. बेबी चेंजला तर बदलण्याशी संबंधच नाही, बाळाचं लंगोट बदलणं याला जर्मनमध्ये 'विकल्न' म्हणतात, मूळ अर्थ गुंडाळणं, म्हणून ती खोली 'विकेलराउम' आणि ते टेबल 'विकेलटिश'. 'सब्जेक्ट टू चेंज' हा ठरलेला वाक्प्रयोग आहे, 'एंडरुंगन फोअरबेहाल्टन', वेळापत्रकांच्या खाली, जाहिरातींच्या खाली, सगळीकडे हाच. हे सगळं पाठ करायचं, त्यात तर्क चालवायचा नाही.

खरा प्रश्न उरतो तो 'एंडर्न' आणि 'वेक्सल्न' यांचा. एंडर्न हा शब्द 'आंडर' म्हणजे 'दुसरा, वेगळा' यावरून आलाय, वस्तू तीच राहते, तिच्यात काहीतरी वेगळं होतं. वेक्सल्न म्हणजे एक जाऊन त्याच जातीचं दुसरं त्या जागी येतं. टायर बदलणं, डॉक्टर बदलणं, शाळा बदलणं, बोलण्याचा विषय बदलणं, ५० युरोची नोट मोडून घेणं, हे सगळं वेक्सल्न. तुमच्याच विषयातलं उदाहरण बघा, युरोपात रेल्वेचं नवं वार्षिक वेळापत्रक डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारच्या मध्यरात्री लागू होतं, जुनं पूर्ण जातं आणि नवं येतं, त्याला म्हणतात 'फारप्लानवेक्सेल'. पण चालू वेळापत्रकातच रुळांच्या कामामुळे एखाद्या गाडीची वेळ सरकवली तर ती 'फारप्लानएंडरुंग'. इंग्रजीत दोन्ही 'टाइमटेबल चेंज'. तुमच्या ॲपमध्ये याच्या सूचना जाणार असतील तर ही दोन नावं अजिबात एकमेकांत मिसळू देऊ नका, कारण पहिल्यात प्रवाशाला सगळंच नव्याने बघावं लागतं आणि दुसऱ्यात फक्त त्याची एक गाडी.

या हिशेबाने अकाउंट बदलणं 'कोंटो वेक्सल्न', तारीख बदलणं 'डाटुम एंडर्न'. आणि तारीख बदलून आख्खं तिकीटच दुसऱ्या गाडीचं होत असेल तर त्यालाही स्वतंत्र शब्द आहे, 'उमबूखन'. 'बूखुंग एंडर्न' म्हटलं तरी चूक नाही, पण त्यात प्रवाशाचं नाव दुरुस्त करणंही येतं, उमबूखनमध्ये ते येत नाही.

शब्दखूळ

उमलाउट ताई, फार छान लिहिलंय. मला यात आपली मराठी आडवी कशी येते आणि मदतही कशी करते ते सांगावंसं वाटतंय.

आडवी येते कारण आपलं 'बदलणे' इंग्रजी चेंजइतकंच ऐसपैस आहे. कपडे बदलले, गाडी बदलली, नंबर बदलला, माणूस बदलला, सगळीकडे चालतं. त्यामुळे इंग्रजी वाचून मनात मराठी केलं की 'बदल' येतो आणि पुढचा रस्ता तसाच धुक्यात राहतो. दुसऱ्या काही शब्दांना आपली भाषा एकदम कामाला येते. उदाहरणार्थ इंग्रजीतलं 'नो', म्हणजे जाणणं. जर्मनमध्ये तीन क्रियापदं आहेत आणि इंग्रजीवरून जर्मन शिकणारे त्यात महिनोन् महिने घोटाळतात, आपल्याकडे मात्र ती आधीच वेगळी आहेत. मला माहीत आहे म्हणजे 'विसन', मी त्याला ओळखतो म्हणजे 'केनन', आणि मला जर्मन येतं म्हणजे 'क्योनन', 'इश कान डॉइच'. भाषा 'येते' असं आपण म्हणतो ते जर्मन विचाराला किती जवळचं आहे बघा.

तर युक्ती अशी की चेंज आला की मराठीत सांगायचं पण 'बदल' हा शब्द वापरायचा नाही असं स्वतःवर बंधन घालायचं. मग दुसरा कुठला शब्द तोंडात येतो ते बघायचं. 'पालट' आला तर बहुतेक वेळा वेक्सेल. सत्तापालट म्हणजे 'माख्टवेक्सेल', एक सरकार जाऊन दुसरं. 'दुरुस्ती' किंवा 'फेरफार' आला तर एंडरुंग. घटनादुरुस्ती म्हणजे 'फेरफासुंग्सएंडरुंग', घटना तीच, कलम वेगळं. कपडे घट्ट-सैल करून देणाऱ्या शिंप्याच्या दुकानावर जर्मनीत पाटी असते 'एंडरुंग्सश्नायडेराय', तिथेही सदरा तोच राहतो. आणि 'स्थित्यंतर' आला, म्हणजे हळूहळू, आपोआप, मोठं काहीतरी होतंय, तर 'वांडेल'.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा हवामानाचा आहे. हवामानबदल, म्हणजे पृथ्वीचं तापणं, त्याला जर्मनमध्ये 'क्लीमावांडेल'. पण जुन्या काळी आजाऱ्याला डॉक्टर सांगायचे की जरा हवापालट करा, डोंगरावर नाहीतर समुद्रकाठी जाऊन राहा, त्याला जर्मनमध्ये 'क्लीमावेक्सेल'. पालट तिथे वेक्सेल, बरोब्बर! इंग्रजीत मात्र दोन्हीकडे क्लायमेट आणि चेंज हेच दोन शब्द पुढे-मागे फिरवून वापरावे लागतात. तिकीटखिडकी, तुमच्या ॲपमध्ये रेल्वेने गेल्यावर किती कार्बन वाचला वगैरे असेल तर हे लागेलच, तिथे चुकून क्लीमावेक्सेल गेलं तर वाचणाऱ्याला वाटेल की सुट्टीवर जायचा सल्ला देताय.

वांडेलवरून आणखी एक. १५ जुलै १९६३ ला पश्चिम जर्मनीतले राजकारणी एगॉन बार यांनी टुट्झिंग या गावी केलेलं भाषण प्रसिद्ध आहे, 'वांडेल डुर्श आननेरुंग', म्हणजे जवळ जाण्यातून होणारं परिवर्तन. पूर्व जर्मनीशी संबंध कसे ठेवावेत याबद्दल होतं ते. तिथे त्यांनी वेक्सेल म्हटलं असतं तर अर्थ झाला असता की तिथली राजवट जाऊन दुसरी येऊ दे, आणि एंडरुंग म्हटलं असतं तर एखाददुसरा नियम सुधारण्याइतकं छोटं वाटलं असतं. हळूहळू आतून स्थित्यंतर होत जावं हे वांडेलमध्येच बसतं. मला हे उदाहरण फार आवडतं कारण एका शब्दाच्या निवडीत आख्खं धोरण दिसतं.

किल्लीवाला

शब्दखूळ, तुमची युक्ती चांगली आहे पण पासवर्डचं काय? पासवर्ड बदलताना जुना पूर्ण जातो, नवा येतो, म्हणजे पालटच की, तुमच्या नियमाने वेक्सल्न व्हायला पाहिजे. पण मी जेवढी जर्मन सॉफ्टवेअर बघितलीत तिथे 'पासवोर्ट एंडर्न'च असतं. प्रोफाइल फोटोचंही तसंच. मग नियम मोडला ना?

उमलाउट

रास्त शंका आहे. पासवोर्ट एंडर्नच नेहमीचं, ते तसंच ठेवायचं.

मी त्याकडे असं बघते की फॉर्ममध्ये आपण वस्तू बघत नसतो, नोंद बघत असतो. अकाउंट नावाची एक नोंद आहे, ती तीच राहते, तिच्या एका रकान्यातला मजकूर वेगळा होतो, म्हणून एंडर्न. पत्त्याचंही बघा ना, माणूस खऱ्या आयुष्यात एका घरातून दुसऱ्या घरात जातो ते 'वोनुंग वेक्सल्न', पण फॉर्ममध्ये त्याच घटनेची नोंद होते 'आड्रेसे एंडर्न'. फोटो, फोन नंबर, तारीख, सगळे रकानेच. अकाउंट बदलताना मात्र रकाना नसतो, एका नोंदीतून उठून आपण दुसऱ्या नोंदीत जातो, म्हणून वेक्सल्न. मोबाइलचा प्लॅन किंवा कंपनी बदलणं पण 'टारीफ वेक्सल्न', 'आनबीटर वेक्सल्न'.

भाषा निवडायच्या बटणावर मात्र दोन्ही दिसतं, 'श्प्राखे एंडर्न' आणि 'श्प्राखे वेक्सल्न', आणि मला दोन्ही पटतात. सेटिंग म्हणून बघितलं तर एंडर्न, इंग्रजीतून उठून जर्मनमध्ये गेलात असं बघितलं तर वेक्सल्न. एकच ठरवा आणि सगळीकडे तोच ठेवा.

डॉइचबाई

उशिरा आले पण राहवत नाही. मी जर्मन शिकवते आणि हा धडा माझ्या वर्गात दर बॅचला येतो, त्यामुळे दोन-तीन गोष्टी ज्या अजून कोणी बोललं नाही त्या सांगते.

पहिली, 'उम' हा उपसर्ग. उमश्टायगन, उमबूखन तुम्ही बघितलेत, पण ही यादी खूप लांब आहे. 'उमटाउशन' म्हणजे दुकानातून आणलेली वस्तू परत देऊन दुसरी घेणं. 'उमबेनेनन' म्हणजे नाव बदलणं. 'उमरेखनन' म्हणजे एका चलनातली रक्कम दुसऱ्यात मांडणं. 'उमश्टेलन' म्हणजे घड्याळ किंवा एखादी व्यवस्था बदलणं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे-मागे करतात ती 'त्साइटउमश्टेलुंग', आणि रेल्वेच्या ॲपला त्या रात्रीच्या गाड्यांसाठी हा शब्द नक्की लागणार. म्हणजे जर्मन माणूस पुष्कळदा 'बदल' असा वेगळा शब्द घेतच नाही, चढणं, नोंदवणं, मोजणं अशी नेमकी क्रिया घेतो आणि तिला उम लावतो. विद्यार्थ्यांना मी सांगते की बदलतंय हे विसरा, हातांनी किंवा पायांनी काय करताय ते आधी सांगा. गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत चढताय ना, मग चढण्याचं क्रियापद घ्या.

दुसरी, 'उमत्सीअन'. याचे दोन अर्थ आहेत आणि फरक फक्त सहाय्यक क्रियापदात आणि त्या छोट्याशा 'मिश'मध्ये आहे. 'इश हाबे मिश उमगेत्सोगन' म्हणजे मी कपडे बदलले. 'इश बिन उमगेत्सोगन' म्हणजे मी घर बदललं. परीक्षेत यावर हमखास मार्क जातात. जागा बदलते, माणूस इकडून तिकडे जातो, तिथे 'झाइन' लागतं ('बिन' हे त्याचंच रूप) हे लक्षात ठेवलं की उमश्टायगनचंही सुटतं, 'इश बिन इन क्यॉल्न उमगेश्टीगन', मी कोलोनला गाडी बदलली.

तिसरी गोष्ट मराठी मुलांना फार अवघड जाते. आपल्याकडे 'मी बेत बदलला' आणि 'बेत बदलला' दोन्हीत क्रियापद तेच, कर्म गाळलं की झालं. इंग्रजीतही तसंच. जर्मनमध्ये मात्र आपोआप बदललं तर एंडर्नला 'झिश', म्हणजे 'स्वतःला', लावावंच लागतं. 'इश हाबे डेन प्लान गेएंडर्ट', पण 'डेअर प्लान हाट झिश गेएंडर्ट'. तुमच्या ॲपमध्ये 'तुमच्या गाडीची वेळ बदलली आहे' असं नोटिफिकेशन जाणार असेल तर तिथे हे झिश राहून गेलं की जर्मन प्रवाशाला वाक्य अर्धवट वाटतं, कोणी बदललं, काय बदललं, पुढचं कर्म कुठाय असं तो शोधत बसतो.

आणि माणसं बदलतात त्याचं सांगितल्याशिवाय मला थांबवत नाही. 'डू हास्ट डिश फेअरएंडर्ट' म्हणजे तू बदललास, दिसण्यात, वागण्यात, एकंदर, चांगलं-वाईट काहीही असेल, बऱ्याच वर्षांनी भेटलेला मित्र असं म्हणतो. 'डू हास्ट डिश गेएंडर्ट' यात बहुतेक वेळा असं असतं की तुझी ती सवय होती ती गेली, तू सुधारलास. त्या एका 'फेअर'ने एवढा फरक पडतो. हे शब्दकोशात नुसता अर्थ बघून कळत नाही, वाक्यं वाचावी लागतात. डीडब्ल्यूडीएस नावाचा ऑनलाइन कोश आहे, बर्लिनच्या विज्ञान अकादमीचा, मोफत आहे, त्यात शब्दासोबत खऱ्या मजकुरातली वाक्यं आणि तो शब्द कुठल्या शब्दांबरोबर जास्त येतो तेही दाखवतात. दोन शब्दांत अडलात तर तिथे दोन्हीची वाक्यं शेजारी ठेवून वाचा, इंग्रजी-जर्मन कोशापेक्षा लवकर उलगडा होतो.

वेंडे_वेंडे

यात 'वेंडे' राहिला की. दिशाच बदलते, वळण येतं, तो. १९८९-९० मध्ये पूर्व जर्मनीतली राजवट कोसळून दोन्ही जर्मनी एक झाल्या त्या घडामोडींना जर्मनीत नुसतं 'डी वेंडे' म्हणतात, ऊर्जेच्या बाबतीत 'एनेर्गीवेंडे', आणि २०२२ साली 'त्साइटनवेंडे', म्हणजे काळाला मिळालेलं वळण, हा तिथे वर्षाचा शब्द ठरला होता. ॲपला लागणार नाही कदाचित, पण वाहतुकीच्या धोरणाबद्दल 'फेअरकेअर्सवेंडे' हा शब्द बातम्यांत सतत असतो, तिकीटखिडकी तुमच्या वाचनात येईलच.

कंसातला_कंस

भाषेचं सगळं छान चाललंय, मी फाइलबद्दल बोलतो कारण मूळ अडचण तिथे आहे. भाषांतर करणारा कितीही हुशार असला तरी त्याला नुसता 'चेंज' दिसला तर तो काय करणार, तुमच्या बाईंनी परत विचारलं हे तुमचं नशीब समजा, पुष्कळ जण एंडर्न लिहून मोकळे होतात.

तिकीटखिडकी, तुम्ही गेटटेक्स्ट (सॉफ्टवेअरमधला मजकूर भाषांतराला काढायचं साधन) वापरत असाल तर त्यात प्रत्येक वाक्याला संदर्भाचं एक वेगळं फील्ड देता येतं. इंग्रजी मजकूर अगदी सारखा असला तरी संदर्भ वेगळा दिला की त्या दोन स्वतंत्र नोंदी होतात आणि दोघांना वेगवेगळं भाषांतर मिळतं. अँड्रॉइडच्या फाइलमध्ये तर प्रत्येक वाक्याला नाव असतंच, तिथे नावं 'चेंज वन, चेंज टू' अशी न देता काम सांगणारी द्या, 'प्रवास-गाडी-बदल-संख्या', 'मशिन-परत-रक्कम' अशी. आणि दोन ठिकाणी इंग्रजी सारखं आहे म्हणून एकच नोंद वापरायचा मोह टाळा. इंग्रजीत सारखं असणं हा निव्वळ योगायोग आहे, दुसऱ्या भाषेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. शक्य असेल तर प्रत्येक नोंदीसोबत स्क्रीनशॉट द्या, त्याने अर्ध्याहून जास्त प्रश्न विचारायच्या आधीच सुटतात.

अनेकवचनाचंही आत्ताच बघून घ्या. जर्मनमध्ये दोनच रूपं लागतात, एकासाठी एक आणि बाकी सगळ्यांसाठी दुसरं, शून्यालाही अनेकवचनच, 'नुल उमश्टीगे'. त्यामुळे जर्मनला इंग्रजीसारखाच नियम चालेल, पण आकडा आणि शब्द कोडमध्ये जोडून वाक्य बनवू नका, आख्खं वाक्य आकड्याच्या जागेसकट भाषांतराला द्या. उद्या पोलिश आणायचं ठरलं तर दोन रूपांत भागणार नाही आणि सगळं परत उकरावं लागेल.

बटणांसाठी एक, जर्मनमध्ये बटणावर आज्ञार्थ न वापरता क्रियापदाचं मूळ रूप ठेवायची पद्धत आहे, 'एंडर्न', 'श्पायशर्न' (सेव्ह करणं) वगैरे. याचा फायदा असा की प्रवाशाला 'झी' म्हणायचं की 'डू', म्हणजे आपल्याकडचं तुम्ही की तू, हा प्रश्न बटणापुरता येतच नाही. नोटिफिकेशनमध्ये मात्र तो ठरवावाच लागेल, आणि एकदा ठरवलं की पूर्ण ॲपमध्ये तेच, एका स्क्रीनवर तुम्ही आणि दुसऱ्यावर तू फार वाईट दिसतं.

डेटा_दादा

पटलं. मशिनवरच्या रकमेचं उदाहरण वाचल्यावर माझा सल्ला मीच मागे घेतो.

तिकीटखिडकी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. आज बसून नोंदी वेगळ्या केल्या. तारीख, निघायची वेळ, पासवर्ड आणि फोटोला एंडर्न. अकाउंटला वेक्सल्न. दुसऱ्या गाडीचं तिकीट करून घ्यायला उमबूखन. प्रवासात उमश्टीग-उमश्टीगे आणि मिनिटांना उमश्टायगेत्साइट. मशिनवर र्‍युकगेल्ट. सोयींच्या यादीत विकेलराउम. तळाला एंडरुंगन फोअरबेहाल्टन. वेळापत्रकाच्या सूचनांचे खरंच दोन प्रकार आमच्याकडे आहेत, तेही फारप्लानवेक्सेल आणि फारप्लानएंडरुंग असे वेगळे केले, आणि त्यामुळे इंग्रजीतही ते दोन वेगळ्या शब्दांत लिहावेत असं आता टीममध्ये सगळ्यांना वाटायला लागलंय. भाषेचं बटण श्प्राखे एंडर्न ठेवलं, बाकीच्या सेटिंगशी जुळतं म्हणून.

शब्दखूळ, तुमची 'बदल' न वापरायची युक्ती मी 'चेक'वर लावून बघितली आणि तीही चालली. तिकीट तपासणं, सामान जमा करणं, चौकटीत टिक करणं, तीन वेगळी मराठी क्रियापदं आली.

एकच उरलंय. 'नो चेंजेस' हे दोन ठिकाणी आहे. प्रवासाच्या माहितीत, म्हणजे गाडी बदलावी लागत नाही. आणि फॉर्म उघडून काहीच न बदलता सेव्ह दाबलं की येणाऱ्या संदेशात. पहिल्याला 'काइने उमश्टीगे' आणि दुसऱ्याला 'काइने एंडरुंगन', बरोबर ना?

उमलाउट

दुसरं अगदी बरोबर. पहिलं व्याकरणाने चूक नाही, पण तिथे 'ओने उमश्टीग' जास्त सहज वाटतं, गाडी न बदलता. जागा असेल तर 'डिरेक्टफेअरबिंडुंग' लिहा, थेट गाडी, शोधताना प्रवासी तोच शब्द बघत असतो. फक्त तो लांब आहे, छोट्या स्क्रीनवर तुटेल, तेव्हा तिथे नुसतं 'डिरेक्ट' ठेवलंत तरी चालेल.